सोदामची आई

आईने नव्या नावाला पहिल्यांदा ओ दिली ती तिकिटाच्या रांगेत. मी हातभर अंतरावर होते, तेओची चिकट मूठ माझ्या मुठीत होती, आणि पुढून आजी ओरडली, "तेओची आई! एवढ्याशा पोरालाही तिकीट लागतं का, विचार गं जरा!" आई म्हणाली, "विचारते, सासूबाई." झालं. एवढंच. ना ती अडखळली, ना तिने वळून माझ्याकडे पाहिलं. अगं, निदान एक श्वास तरी थांबायचं! श्वासांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. मार्चपासून मी शाळेच्या ध्वनिक्षेपक मंडळात आहे, बारा जणांतून निवडलेली एकटी, आणि रोज जेवणाच्या सुट्टीत आठशे पोरांच्या ताटांवर माझा आवाज पडतो. माणूस कुठे श्वास घेतो त्यावरून त्याला पुढचं वाक्य मनापासून म्हणायचंय की नाही ते मला कळतं. आईने श्वास घेतलाच नाही. म्हणजे ते नाव तिच्या आत आधीच जाऊन बसलं होतं, चपला काढून, मांडी घालून.

फर्मान सकाळीच निघालं होतं. मे महिन्यातली बालदिनाची जोडून सुट्टी, म्हणून देगूहून काकांच्या गाडीने आम्ही पाचजण ग्योंगजूला आलो होतो, आणि मुक्कामाच्या खोलीत सोयाबीनच्या मोडांचं सूप पिता पिता आजी म्हणाली होती, "हे बघा, लोकांत बरं दिसत नाही. सोदामची आई, सोदामची आई! अख्ख्या गावाला कळायला हवं का, हिला आधीचं एक आहे ते? आजपासून तेओची आई म्हणायचं." काका, म्हणजे आईचा आत्ताचा नवरा, सुपात भात कालवत राहिले. त्यांना सगळ्याच गोष्टी सुपात कालवायची सवय आहे. 'आधीचं एक' म्हणजे मी. मी समोरच बसले होते, मुळ्याची किमची चावत, कुर्रम कुर्रम, मुद्दाम मोठ्याने. आई तेओच्या वाटीतले मोड बारीक कापत होती. इतके बारीक की त्यांचे मोड राहिलेच नाहीत.

आमच्या कोरियात मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव घडी घालून कपाटात जातं आणि ती पहिल्या मुलाची आई होते. पहिल्या. आणि पहिली मी आहे, त्याला आजीच काय, कुठला राजाही काही करू शकत नाही. देगूतल्या आमच्या गल्लीत आईचं तयार भाज्यांचं दुकान होतं, दारावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं 'सोदाम', आणि संध्याकाळी पाच वाजले की बायका काचेचं दार ढकलत आत यायच्या, "सोदामची आई, पालक संपला का गं?" "सोदामची आई, परवाचे बटाटे खारट होते हं!" तिळाच्या तेलाचा वास, स्टीलच्या परातींचा खणखणाट, आणि त्या सगळ्यातून माझं नाव फिरत असायचं, चलनी नाण्यासारखं. मी कोपऱ्यात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायचे आणि मला कोणी हाक मारत नसतानाही दिवसातून शंभरदा कोणीतरी माझं नाव घ्यायचं. माझे बाबा, आडनाव प्यो, मी सहा वर्षांची असताना पोहांगला निघून गेले, तेव्हाही दुकानात माझं नाव थांबलं नाही. नंतर काळ्या घेवड्याच्या गोड भाजीसाठी एक बुटके गृहस्थ रोज येऊ लागले. इतका घेवडा कोण खातं? तर काका. मग लग्न, मग तेओ, मग दुकान बंद, कारण आजीच्या मते चोईंच्या, म्हणजे काकांच्या घरच्या, सुनेने परातीत हात घालून उभं राहणं शोभत नाही. पाटी उतरवताना हिरवा रंग काकांच्या बोटांना लागला होता, तो त्यांनी पँटला पुसला. पण गल्लीतल्या बायका जुन्याच. तेओ आईच्या पाठीवर बांधलेला असताना त्याच्या कानावर चार वर्षं तेच पडलं, आणि आईचं नाव काय असं कोणी विचारलं की तो छाती काढून सांगतो, "सोदामची आई!" आजी दरवेळी त्याला सुधारते, तो दरवेळी विसरतो. त्यासाठी मी त्याला दोनतीनदा जेली चारली आहे, खोटं कशाला बोलू.

तेओबद्दल मला काय वाटतं ते मी कोणाला सांगत नाही. चार वर्षांचा एक गोळा. सतत काहीतरी वितळलेलं हातात. या सहलीत तो प्रत्येक देवळापुढे, प्रत्येक दगडी कासवापुढे उभा राहायचा आणि आजी म्हणायची, "सोदाम, तू काढ फोटो, तुझा हात स्थिर आहे." माझा हात स्थिर! म्हणून दोन दिवसांत आजीच्या फोनवर एकशे चाळीस फोटो झाले आणि त्यांतल्या एकातही मी नव्हते. एकात माझी सावली आली होती, बुल्गुक्सा देवळाच्या पायऱ्यांवर. आजीने ती बोटांनी चित्र मोठं करून कडेने कापली, माझ्यासमोर, जीभ दातांत धरून, सुईत दोरा ओवावा तशा एकाग्रतेने.

आणि आजीच्या काळ्या पर्समध्ये दुधी रंगाचं पाकीट होतं. त्यात न्यायालयात द्यायचा अर्ज: माझं आडनाव प्यो, ते काढून चोई करावं. सोमवारी सकाळी काका तो देणार होते. मी पंधरा वर्षांची, तेव्हा माझं म्हणणंही हवं, म्हणून एक पान माझ्यासाठी होतं, चार ओळी आधीच टंकलेल्या, 'मी स्वखुशीने', आणि खाली सहीची रिकामी जागा. बाबांची संमती आली होती. मी आईच्या फोनवर चोरून वाचली. 'तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा.' पुढे एक अंगठा. पिवळा. नऊ वर्षांनी माझ्याबद्दल त्यांनी जे काही व्यक्त केलं ते त्या अंगठ्यात. सुपानंतर गाडीत आजीने समजुतीचा सूर लावला होता, तिचा तो सूर म्हणजे दात दुखणाऱ्याला डॉक्टर लावतो तो. "अगं, तुझ्याच भल्याचं. दवाखान्यात, विमानतळावर, शाळेत, जिथे तिथे विचारतात, भाऊ चोई, तू प्यो कशी? आणि ऐक. तू सही कर, मग मीच सगळ्यांत पहिली तुझ्या आईला सोदामची आई म्हणेन. मोठी ती मोठीच. पण आधी घरातली तर हो!" म्हणजे हा सौदा होता. माझं नाव आईला परत मिळेल, मी ते त्यांना दिलं तर. आदल्या रात्रीच खोलीतल्या आरशासमोर मी हळूच म्हणून पाहिलं, 'नमस्कार, मी चोई सोदाम बोलतेय.' दुसरीच कोणी माझे बूट घालून जिना उतरतेय असं वाटलं. आईला विचारलं तर ती तेओचं तोंड पुसत म्हणाली, "तुझं तू ठरव." तोंड केव्हाच स्वच्छ झालं होतं. ती पुसतच होती.

तर, तिकीट काढून आम्ही टेकडीच्या पोटात शिरलो. ग्योंगजूच्या राजांना पुरून वर हिरव्यागार टेकड्या केल्या आहेत, गावाच्या मधोमध, पालथ्या वाट्यांसारख्या, आणि त्यांतल्या या एकीत आत जाता येतं. आत थंड, अंधार, काचेमागे सोन्याचा मुकुट, काचेवर शेकडो नाकांचे डाग. "राजा कुठेय?" तेओने विचारलं. "मेला," मी म्हणाले. "नाव काय त्याचं?" "कोणालाच माहीत नाही. आत घोड्याचं चित्र सापडलं म्हणून घोड्याची टेकडी म्हणतात." तो विचारात पडला. मग त्याच्या त्या खणखणीत आवाजात, "त्याची आई कुठेय?" आजूबाजूचे लोक हसले. आजी फुलून आली. "बघितलंत? सहा मूळ घराण्यांतल्या एकाचं रक्त आहे! हे गावच आमचं, चोईंचं मूळ. आपल्या मातीत आलं की पोर असं बोलायला लागतं." मी काचेत पाहिलं. मुकुटाच्या बरोबर खाली माझं डोकं येत होतं, पण मी जरा सरकले तेव्हा आईचं आलं, मग तेओचं. मला त्या राजाचा राग आला. इतकं सोनं, आणि नाव सांभाळता आलं नाही गाढवाला.

बाहेर उन्हात डोळे दिपले. दोन टेकड्यांच्या मध्ये एक झाड आहे, तिथे फोटो काढायला रांग लागते, आणि आजीला तो फोटो हवाच होता, दिवाणखान्यात लावायला, अर्ज मंजूर झाल्यावर पाहुणे येतील तेव्हा दिसेल असा. चाळीस मिनिटं आम्ही उभे होतो. काकांच्या मानेवरून घाम वाहत होता, आईने डोक्यावर माहितीपत्रक धरलं होतं, तेओ माझ्या हाताला लोंबकळत "ताई, भूक, ताई, शू, ताई, भूक" असा जप करत होता. आमची पाळी आली. आजीने टोपी काढली, केस चापले, काकांना डावीकडे, आईला उजवीकडे, आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, "आधी एक फक्त चोईंचा काढ. मग तुला घेऊ." आता इथे खरं तर गप्प बसायचं असतं. मागच्या वर्षीची मी गप्प बसले असते, दोन दिवस पोट दुखलं असतं, संपलं. पण मार्चपासून माझा आवाज बदलला आहे, तो पोटातून येतो, मंडळाच्या बाईंनी तसा आणायला शिकवलाय, आणि तो आला.

"फक्त चोईंचा ना? मग आजी, तुम्हीही बाहेर या. तुम्ही क्वाक आहात."

रांगेतलं कोणीतरी फिस्सकन हसलं.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही क्वाक. आई इम. लग्न होऊन कोणाचं आडनाव बदललंय आपल्याकडे? तुम्ही पन्नास वर्षं चोईंच्या घरात राहिलात, तुम्हाला कोणी कागद दिला का सही करायला? चोई इथे दोनच आहेत. काका आणि तेओ. मी आनंदाने काढते, हसा!"

"सोदाम!" आई म्हणाली. फक्त माझं नाव, कडेला धार लावलेलं. आजीचा चेहरा आधी पांढरा, मग किमचीसारखा लाल झाला. "ऐकलंस?" ती काकांना म्हणाली, "ऐकलंस तुझ्या घरात काय पोसलंय ते? जीभ बघ! परातीतून वाढलेलं पोर, दुसरं काय होणार!" "परातीतून तुमचा मुलगाच रोज घेवडा न्यायचा," मी म्हणाले. मागची बाई आता उघड हसत होती, तिचा नवरा तिला कोपराने ढोसत होता, आणि मला, खरं सांगते, मला अतिशय छान वाटत होतं, उंच, हलकं, उन्हाने भरलेलं. काका "आई, राहू दे, सोदाम, राहू दे" असं दोन्हीकडे वाटत होते. आणि मग आईने खाली पाहिलं. "तेओ?"

फोन धरायला मी हात सोडला होता. माझ्या तळव्यावर त्याचा चिकटपणा अजून होता, पण तो नव्हता.

पहिले काही क्षण माणसं मूर्खासारखी वागतात. आजीने झाडामागे पाहिलं, जणू तो लपाछपी खेळतोय. काका तळ्याकडे धावले, त्यांना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं, त्यांचा शर्ट पाठीवर फुग्यासारखा झाला. आजी शौचालयांकडे गेली, "तेओ! माझा राजा!" असं रडत. आई आणि मी मोठ्या वाटेवर. बालदिन म्हणजे हजार मुलं, प्रत्येकाच्या डोक्यावर तीच पिवळी टोपी, दारात फुकट वाटत होते ती. आई प्रत्येक टोपी वळवत होती. पोराचे खांदे धरायचे, वळवायचं, सोडायचं, पुढची टोपी. "तेओ! तेओ!" तिचा आवाज फाटत चालला होता, चुकीच्या जागी श्वास, घशातून, छातीतून नाही. मी तिच्या मागे चालत होते आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहिते, लाज वाटते तरी: मी हरवले असते तर ती काय ओरडली असती? मी एकदा हरवले होते, पाच वर्षांची, बाजारात. पण तेव्हा तिला ओरडावं लागलं नव्हतं, कारण गल्लीतल्या सगळ्या बायका मला ओळखत होत्या, कोणीतरी मला कडेवर घेऊन दुकानात आणून टाकलं होतं, "सोदामची आई, हा घे तुझा माल!" आणि आईने हसत मला परातीशेजारी बसवलं होतं.

तेवढ्यात भोंगा बोलला. टेकड्यांवर खांबांना भोंगे आहेत. बाईचा आवाज, नाकातला, वाक्याच्या मध्येच श्वास घेणारा, आमच्या मंडळात पहिल्या दिवशी गळाली असती. "सोदामची आई. सोदामची आई. मागच्या दारापाशी कार्यालयात या. तुमचं मूल वाट पाहतंय."

मी जागीच थांबले. माझं नाव. माझं नाव राजांच्या टेकड्यांवरून घरंगळत आलं, गवतावरून, पिवळ्या टोप्यांवरून, आणि माझ्या पायाशी येऊन थांबलं. आई पुढे "तेओ!" म्हणून ओरडत होती, बरोबर त्याच क्षणी, तिने ते स्वतःच्या ओरडण्याने झाकून टाकलं. वळेल, मी म्हटलं. आत्ता वळेल. पंधरा वर्षांचं नाव आहे, कान नाही तर पाठ ऐकेल, मान ऐकेल. ती पुढच्या टोपीकडे गेली. भोंगा पुन्हा खरखरला. या वेळी आईने हात वर करून जगाला गप्प बसवलं, तोंड उघडं, डोळे भोंग्यावर, आणि शेजारून एक बँडवाला ढोलकं वाजवत गेला, आणि सोदामची आई, सोदामची आई, आणि ढोलकं. आई माझ्याकडे वळली. माझं मनगट पकडलं. "काय म्हणाली ती? तेओ म्हणाली का?"

"नाही," मी म्हणाले.

खोटं नव्हतं. हवं तर आत्ताही शपथ घेते, ती बाई तेओ म्हणाली नाही. आईने माझं मनगट सोडलं, तोंडावर हाताचा पंजा घेतला, आणि ती पुन्हा टोप्या वळवू लागली. मी तिच्याकडे पाहत राहिले, थंडपणे, मंडळाच्या बाईंनी शिकवल्यासारखं पोटातून श्वास घेत. रड, मी म्हटलं. तुला तुझं नाव ओळखता येत नाही ना, मग रड. किती वेळ? एक गाणं संपेल इतका. तेवढ्यात तिची चप्पल निसटली आणि तिला ते कळलंच नाही, ती एका पायाने अनवाणी चालत राहिली, खडीवरून. ती चप्पल मी उचलली. आत पावलाचा ठसा होता, काळा, पाची बोटांचा, दुकानातही ती हीच चप्पल घालायची. "मी तिकडे बघते," असं काहीतरी म्हणून मी मागच्या दाराकडे धावले.

तेओ टेबलावर बसून सॉसेज खात होता. रडून झालेलं, नाक वाहून वाळलेलं. मला पाहून त्याने सॉसेज हलवलं. "ताई, मी घोडा बघायला गेलो." टेबलामागे गणवेशातले एक म्हातारेसे गृहस्थ होते, आणि माइकपाशी ती नाकातली बाई. "या सोदामच्या आई का?" ते थट्टेने म्हणाले. "मी सोदाम. हा माझा भाऊ." मी शाळेचं ओळखपत्र दिलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "प्यो सोदाम. आणि हा आता सांगतोय चोई तेओ. आधी नुसता रडत होता, आईचं नाव विचारलं तर तेवढं एक सांगितलं. प्यो आणि चोई भाऊबहीण कसे गं?"

"आई एकच आहे."

"असेल. पण मी असं देऊ शकत नाही, बाळ. आडनाव वेगळं आहे. आईला बोलाव."

म्हणजे आजी बरोबर होती! ही गोष्ट मला त्या टेबलाशी उभी असताना समजली आणि इतका संताप आला की कानात गरम झालं. जिथे तिथे विचारतात. विचारलंच. माझ्या एका हातात आईची चप्पल, दुसऱ्या हातात आजीचा फोन, कुलूप लागलेला, माझा गाडीतच राहिलेला, आणि कोणाचाही नंबर मला पाठ नाही. तेओने माझ्या बाहीला सॉसेज पुसलं. "मी बोलू?" मी माइककडे बोट दाखवलं. "मी शाळेत रोज बोलते." बाईने नाक मुरडलं, पण म्हाताऱ्याने मान हलवली.

माइक जुना होता, जाळीला लिपस्टिक लागलेली. मी बटण दाबलं. आता सांगते, तेव्हा माझ्याकडे दोन नावं होती. एक माझं. ते मी म्हणाले असते तर आवाज ओळखून ती आली असती कदाचित, किंवा नसती आली, ढोलकं वाजत असतं, ती टोप्या वळवत राहिली असती, आणि मला कळलं असतं, एकदाचं, नक्की. मला ते कळून घ्यायचं होतं, फार. पण तिचा एक पाय अनवाणी होता. मी श्वास घेतला, योग्य जागी, आणि म्हणाले, "तेओची आई. तेओची आई. मागच्या दारापाशी या. तेओ सापडला आहे, तो ठीक आहे." स्पष्ट, स्वच्छ, एकही अक्षर न गिळता. शाळेत शेवटी मी नेहमी म्हणते, 'मी प्यो सोदाम बोलत होते'. इथे बटण सोडलं. टेकड्यांवरून माझा आवाज परत आला तेव्हा तो मला कोणा शहाण्या, आज्ञाधारक मुलीचा वाटला. थुंकावंसं वाटलं.

ती दोन मिनिटांत आली. दारातून थेट तेओवर, सॉसेजसकट छातीशी, त्याच्या केसांत तोंड खुपसून. मी चप्पल तिच्या पायाशी ठेवली. म्हाताऱ्याने वही पुढे केली. "तुम्ही तेओची आई? तीनदा पुकारलं हो बाई आम्ही, सोदामची आई, सोदामची आई, तुम्ही येईचनात. शेवटी ही पोर बोलली तेव्हा आलात."

आईने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. ती काय काय जोडत होती ते मला दिसत होतं, ढोलकं, मनगट, 'नाही'. मी नजर खाली घेतली नाही. तिने तेओला टेबलावर ठेवलं, माझ्याजवळ आली, आणि माझ्या दंडाचं मांस दोन बोटांत धरून असं पिरगाळलं की माझ्या डोळ्यांपुढे हिरव्या टेकड्या फिरल्या. चिमटा ती दुकानातही काढायची, काऊंटरखाली, गिऱ्हाइकाला हसून दाखवत. तोच हा. चार वर्षांत मला काढला नव्हता. मग ती वळली आणि पेन घेऊन म्हणाली, "सोदामची आई. मीच. काय लिहायचं?" तेव्हाच काका आणि आजी दारात पोचले होते. आजीने ते ऐकलं. म्हाताऱ्याने वहीत आईचं खरं नाव लिहून घेतलं, इम, तिसरंच आडनाव, आणि एक शब्द विचारला नाही. आईला कोण विचारतं!

गाडीत मी खिडकीशी, मध्ये तेओ, पलीकडे आजी. आई पुढे, काका चालवत. सुट्टी संपवून अख्खं देगू त्याच रस्त्याने परतत होतं, गाड्या मुंगीच्या पायाने. आजी बराच वेळ तेओचे पाय चेपत राहिली, मग तिने पर्स उघडली. दुधी पाकीट. पान. पेन. "पाहिलंस ना आज डोळ्यांनी?" तिचा आवाज विजयी नव्हता, थकलेला होता, ते जास्त वाईट. "पाठचा भाऊ हातात देईनात. मी काय वैरीण आहे तुझी? कर सही."

मी ते पान मांडीवर घेतलं. मी स्वखुशीने. दंड ठणकत होता, बाही वर केली तर दोन बोटांची निळी खूण उमटायला लागली होती, एक मोठं, एक लहान. "सोमवारी दुपारी मला शाळेत बोलायचंय," मी म्हणाले, "प्यो सोदाम म्हणून. मंगळवारीही. तुम्हाला हवं तर दाखल करा, न्यायाधीशांनी विचारलं तर मी नाही म्हणेन. माझा आवाज चांगला आहे." आणि पान घडी घालून परत तिच्या मांडीवर ठेवलं.

"ऐकतोयस?" आजी काकांना म्हणाली.

काकांनी आरशात पाहिलं, आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. "आई, राहू दे आता," ते म्हणाले. नेहमीचंच वाक्य, पण या वेळी एकाच बाजूला.

मग ते सगळं गाडीत साचून राहिलं, सॉसेजच्या वासासकट. आजीने ग्योंगजूच्या गोड पावांचा डबा उघडला, एक खाल्ला, सारणाने तिला ठसका लागला. पाण्याची बाटली पुढे, आईच्या पायांशी होती. "तेओची आई, पाणी दे."

आई समोर पाहत होती. पुढच्या गाडीच्या काचेवर कोणीतरी बोटाने हसरा चेहरा काढला होता.

"तेओची आई."

ठसका. काकांची बोटं चाकावर आवळली. आईने खिडकीची काच थोडी खाली केली, वारा आत घेतला, पुन्हा वर केली. मी तिची मान पाहत होते. ती ऐकत होती, मानेचं कातडं ऐकत होतं. "तेओची आई, कान फुटले का तुझे? पाणी!"

तेओ झोपेला आला होता. त्याने माझ्या दुखऱ्या दंडावर गाल टेकला, मी त्याला ढकललं, त्याने पुन्हा टेकला, आणि अर्धे डोळे मिटून, शिकवल्यासारखा, पण शपथेवर सांगते, या वेळी मी शिकवलं नव्हतं, तो म्हणाला, "आजी, सोदामची आई म्हण ना. मग ती देते."

आजीने डब्याचं झाकण लावलं. बाटली आईच्या दोन पावलांमध्ये होती, एक पाऊल काळं, खडीने सोललेलं, आणि गाडी थांबली की ती पुढे गडगडत जायची, निघाली की मागे येऊन तिच्या टाचेला टेकायची. आजी देगूपर्यंत तहानलेली राहिली. दोन तास.